चोडणच्या कांदळवनात, आईसोबत

दोन वर्षांपूर्वी आषाढातल्या एका पहाटे आई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, कृत्रिम गोळा बसवला गेला. सहा महिन्यांत ती वॉकर सोडून काठीवर आली. डॉक्टर समाधानी होते. मात्र त्यानंतर ती घराबाहेर पडली ती केवळ दवाखान्यासाठी. एकदा तपासणीसाठी, एकदा मोतीबिंदूसाठी, एकदा दातासाठी. आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. पाय भरून आला, परंतु मनातले पडणे काही भरून आले नाही, असे मी सर्वांना सांगत असे. ते पडणे नेमके कोणाच्या मनात राहिले होते, हे मला यंदाच्या फाल्गुनात, मांडवीच्या काठावर कळले.

आमच्या कोल्हापुरातल्या वसाहतीत ज्येष्ठांचा एक छोटा गट आहे. रविवारी सकाळी ही मंडळी रंकाळ्यावर पक्षी पाहायला जातात. जीवशास्त्राच्या एक निवृत्त शिक्षिका, आमच्या सर्वांच्या बाई, हा गट सांभाळतात. माघात त्यांनी सुचवले की, हिवाळी पाहुणे परत जाण्याआधी गोव्यातल्या चोडण बेटावर जावे आणि तेथील खारफुटीतून होडीने फिरावे. निरोप घेऊन बाई आमच्याकडे आल्या तेव्हा मी नकाराचे वाक्य मनात जुळवत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून आई म्हणाली, “माझं नाव लिहा.”

त्या रात्री आमचे थोडे वाजले. होडी हलते, घाट निसरडा असतो, ऊन असते, जवळ दवाखाना नसतो, असे सगळे मी तिला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे सगळं मला सांगतेस, की स्वतःला?” मी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिला घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. खरे सांगायचे तर, ते नको म्हणतील या आशेनेच गेले.

डॉक्टर नको म्हणाले नाहीत. त्यांनी क्ष-किरण चित्र पाहिले, तिला चालायला लावले आणि दोन अटी घातल्या. बसताना गुडघे खुब्याच्या वर जातील इतके खाली बसायचे नाही आणि पाय एकाच स्थितीत फार वेळ ठेवायचा नाही. पुढचे काम फिजिओथेरपिस्ट ताईंचे होते. त्यांनी तीन आठवड्यांचा सराव आखून दिला. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे, पुन्हा सावकाश बसणे. एका पायावर क्षणभर तोलणे, तेही ओट्याला धरून. जमिनीवर ठेवलेला लाकडी पाट ओलांडून पलीकडे पाऊल टाकणे. उठताना त्या एक खूण सांगत, “आजी, आधी पुढे झुका. नाक पायाच्या बोटांच्या पुढे गेलं, की मगच उठा.” भार पावलांवर आला की मांड्यांना उठणे सोपे जाते. आई हा सराव सकाळ-संध्याकाळ करी. दोन वर्षांत तिला व्यायामाची आठवण करून द्यावी लागली नाही, असे हे पहिलेच तीन आठवडे.

निघालो तेव्हा आम्ही बारा जण होतो. आठ ज्येष्ठ आणि त्यांना सांभाळणारे चौघे. आदल्या दिवशी पणजीला मुक्काम केला, कारण लांबचा प्रवास आणि होडी एकाच दिवशी नको, असा बाईंचा दंडक होता. सकाळी रायबंदरला पोचलो. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा लांबलचक दगडी बांध सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी बांधला. त्यावरून जाताना एका अंगाला मांडवीचे पात्र दिसते, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि पाणथळ. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट निघते. दुचाक्या, मोटारी, मासळीच्या पाट्या आणि शाळकरी मुले यांच्यासोबत आम्हीही पलीकडे गेलो. काही मिनिटांचाच तो प्रवास, पण आई कठड्याला धरून उभी राहिली, बसली नाही.

कर्नाटकात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. त्या मुखाच्या थोडे अलीकडे नदीच्या कुशीत चोडण बेट आहे. माशेलच्या देवकीकृष्णाचे दर्शन ज्यांनी घेतले असेल त्यांना हे नाव परके नसेल. ते दैवत मूळचे चोडणचे. पोर्तुगीज अमदानीत ते आधी मयेला आणि मग माशेलला हलवावे लागले. आईच्या कडेवर बसलेला कृष्ण अशी ती दुर्मीळ मूर्ती आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला, फेरीच्या धक्क्यापासून जवळच, डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते जाहीर झाले. क्षेत्र अवघे १७८ हेक्टर, पण जवळपास सारेच खारफुटीचे. पक्षी पाहण्यात सारे आयुष्य घालवलेल्या सालिम अलींचे निधन त्याआधीच्या वर्षी झाले. त्यांचे आत्मचरित्र १९८५ मध्ये, त्यांच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर प्रसिद्ध झाले. बाईंनी हे सांगताच आमच्यातले एक काका म्हणाले, “मग आपण अजून उमेदवारच!”

येथील होडीफेरी घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालते. पूर्ण ओहोटीला खारफुटीतल्या अरुंद पाणवाटा इतक्या उथळ होतात की होडी चिखलात रुतते. पूर्ण भरतीला चिखलपट्टे बुडतात आणि त्यांवर चरणारे पक्षी अन्यत्र जातात. म्हणून पाणी नुकते चढू लागले की निघायचे. चढणारे पाणी चिखलाची जागा कमी करत जाते, तसे पक्षी उरलेल्या पट्ट्यावर गोळा होतात आणि जवळून दिसतात. भरतीची वेळ दर दिवशी सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. बाईंनी नावाड्यांशी आधी बोलून दिवस ठरवला होता, तो याच हिशेबाने. शिवाय ऊन चढण्याआधी परतता येईल हेही पाहिले होते.

धक्क्यावर तीन होड्या लागल्या होत्या. शहरी पर्यटक ज्यांना ‘कॅनो’ म्हणतात तशा, लांब, निमुळत्या, वल्ह्याने चालणाऱ्या. पाण्यावर त्या डुलत होत्या. सर्वांनी जीवरक्षक जाकिटे चढवली. नावाडी कोकणी वळणाच्या मराठीत सूचना देत होते. एका वेळी एकानेच चढायचे. पाऊल होडीच्या मधोमध टाकायचे. काठावर हात टेकून उभे राहायचे नाही. पक्षी एका बाजूला दिसला म्हणून सर्वांनी त्या बाजूला कलायचे नाही. आणि हात पाण्यात घालायचा नाही, कारण या परिसरात मगरी आहेत. शेवटची सूचना ऐकून काही चेहरे उतरले.

कंपवाताचा त्रास असलेले आमच्यातले एक काका तेथेच थांबले. “डोलतंय फार. मी पायवाटेवरून पाहतो,” ते म्हणाले. त्यांच्या पत्नी काही बोलल्या नाहीत, त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. कोणी आग्रह केला नाही. मला ते फार बरे वाटले. आईनेही तसेच म्हणावे, असे मला त्या क्षणी मनापासून वाटत होते.

आई पुढे झाली. मी आधी होडीत उतरून हात वर केला. तिने तो धरला, एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“काय झालं?” मी विचारले.

“तुझा हात थरथरतोय,” ती म्हणाली. “मी तुझ्या हाताने घसरेन.”

मग तिने माझा हात सोडला आणि नावाड्याकडे पाहिले. त्याने आपला हात फळीसारखा ताठ पुढे केला. तिला ओढले नाही, धरलेही नाही. तिने त्याच्या मनगटावर आपले बोट-बोट टेकवले, घरी पाट ओलांडत होती तसे पाऊल टाकले आणि आडव्या फळीवर बसली. फळीवर आम्ही आणलेली जाड, कडक उशी होती, म्हणजे गुडघे वर येऊ नयेत. उंच बसले की होडी अधिक डुलते, हे नावाड्याने ओळखले. त्याने तिला सर्वांत रुंद भागात, अगदी मध्यभागी बसवले आणि आमच्या होडीत चौघांपेक्षा जास्त माणसे घेतली नाहीत. मी तिच्यामागे बसले. माझा हात नंतरही बराच वेळ थरथरत होता.

मुख्य पात्र सोडून होडी पाणवाटेत वळली, तसा आवाज बदलला. फेरीबोटीची घरघर मागे राहिली. वल्ह्याचे पाणी, चिखलातून येणारे बारीक बुडबुड्यांचे चटचट, आणि वर पानांची छत. दोन्ही काठांवर कांदळाची झाडे कमानीसारख्या मुळांवर उभी होती. या मुळांमुळे मऊ चिखलातही झाड तोल सांभाळते. आई त्यांकडे पाहत म्हणाली, “याला तर केवढ्या काठ्या! मला एकीचीच लाज वाटते.” पुढे तिवरांची झाडे लागली. त्यांची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वासासाठी मुळे वर पाठवते, असे बाईंनी सांगितले. तिवराच्या पानांवर मिठाचे बारीक कण असतात. खाऱ्या पाण्यातले जास्तीचे मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलावर निवट्या पोटाने सरकत, मध्येच उड्या मारत होत्या. एक नांगी मोठी असलेले चिमुकले खेकडे ती नांगी हलवून जणू कोणाला बोलावत होते.

पहिला खंड्या आईनेच पाहिला. “निळा! तिथे, निळा!” असे ती इतक्या मोठ्याने म्हणाली की तो उडालाच. पाठ निळी, गळ्याभोवती पांढरा पट्टा. खारफुटीत राहणारा हा खंड्या पाहायला दूरदूरचे पक्षिप्रेमी चोडणला येतात, असे बाई म्हणाल्या. मोतीबिंदू पिकत जातो तसा डोळ्यातला नैसर्गिक भिंग पिवळसर होतो आणि निळा रंग मंदावतो. शस्त्रक्रियेनंतर तो एकाएकी उजळ दिसू लागतो. आईची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झाले होते, पण त्या वर्षात तिने घराच्या भिंती, दूरदर्शन आणि औषधांच्या डब्या यांपलीकडे निळे असे पाहिले काय होते?

ऐकण्याचे मात्र उलटे झाले. तुतवार पाण्यालगत उडत गेला तेव्हा त्याची बारीक, उंच शीळ आम्ही ऐकली, तिने नाही. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज हरवतात. पुढे चिखलपट्ट्यावरून कोरलाची लांब, चढत जाणारी साद आली. ती तिला ऐकू आली. तिने मान वळवली आणि माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्याशी मागून बोलू नये, खांद्याला स्पर्श करून दिशा दाखवावी, हे बाईंनी आम्हा सर्वांना आधीच सांगितले होते. दुर्बिणीबद्दलही त्यांनी चांगली सूचना केली होती. मोठे करून दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही मोठा करते. म्हणून दहापट नव्हे, सात किंवा आठपटीची घ्यावी, वजनाला हलकी, आणि कोपर छातीशी टेकवून धरावी. चष्मा असेल तर दुर्बिणीच्या डोळ्यांकडील रबरी कडा दुमडून ठेवाव्यात.

पाणवाट संपली आणि होडी मोकळ्या चिखलपट्ट्यापाशी आली. पाणी चढत होते. उरलेल्या पट्ट्यावर टिलवे, चिखले, तुतवार दाटीने चरत होते. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती. दूर खुंटावर मीनखाई घार मासा पायाखाली दाबून बसली होती. कोरल आपली लांब, वाकडी चोच चिखलात मुळापर्यंत खुपसत होता. बाई हळू आवाजात सांगत होत्या. यांतले बरेच पक्षी आता उत्तरेकडे, आपल्या विणीच्या प्रदेशाकडे निघतील. म्हणून सध्या ते सतत खातात आणि अंगावर चरबी साठवतात, तोच त्यांचा प्रवासाचा शिधा. काही जातींत तर निघण्यापूर्वी वजन जवळजवळ दुपटीला पोचते. मात्र सारेच जात नाहीत. पहिल्याच वर्षाची काही पिल्ले, ज्यांची तयारी झालेली नसते, ती उन्हाळाभर येथेच राहतात आणि पुढच्या वर्षी निघतात. धक्क्यावर थांबलेल्या काकांची मला आठवण झाली.

साधारण पाऊण तास झाला असेल, तेव्हा आईने माझा हात ओढला. शस्त्रक्रियेच्या पायात गोळा येत होता. डॉक्टरांची दुसरी अट मी विसरले होते. पक्षी पाहण्याच्या नादात तिचा पाय तसाच राहिला होता. मी घाबरून तिला उठवू लागले. नावाडी एकदम म्हणाला, “बाई, उभं करू नका!” तो बोलला नसता, तर कदाचित होडी कलंडली असती. त्याने वल्हे आडवे ठेवून होडी स्थिर केली. मी तिची टाच धरून पाय हळूहळू सरळ केला, पाऊल तिच्या दिशेने दाबले, पोटरी चोळली. दोन-तीन मिनिटांत गोळा उतरला. पण मन उतरले नाही. मी परत फिरायला सांगितले. आमच्यासोबतच्या काकांची ही पहिलीच होडीफेरी होती आणि अजून एक पाणवाट पाहायची राहिली होती. ते लगेच म्हणाले, “चला, चला. पक्षी काय, पुढच्या वर्षी येतीलच.”

परतताना आई गप्प होती. मला वाटले, तिला पश्चात्ताप होत असावा. धक्का आला. उतरणे चढण्यापेक्षा अवघड असते, कारण बसून सांधे आखडतात. नावाड्याने घाई केली नाही. तिने पाच मिनिटे बसल्याबसल्या घोटे फिरवले, गुडघे वाकवले आणि सरळ केले. मग मला म्हणाली, “आता तू आधी चढ. आणि हात दे. आता थरथरत नाहीये ना?” मी हात पाहिला. थरथरत नव्हता. ती पुढे झुकली, नाक पायाच्या बोटांच्या पुढे आणले आणि उठली.

धक्क्यावर थांबलेले काका-काकू बाकावर बसून भेळ खात होते. त्यांनी खारफुटीतल्या पायवाटेवर कठडा धरून फेरी मारली होती आणि मोठ्या, जाड चोचीचा एक खंड्या अगदी जवळून पाहिला होता. आम्हाला तो दिसलाच नव्हता. काका ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांना अशा सहलीला न्यायचे असेल, तर काही गोष्टी आमच्या अनुभवातून सांगते. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारावे आणि प्रश्न “नेऊ का?” असा न विचारता “कसे नेऊ?” असा विचारावा. उत्तर वेगळे मिळते. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेत असल्यास त्या दिवशीच्या वेळेबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, स्वतःहून गोळी टाळू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर साधा धक्काही जपावा लागतो, हे सोबतच्या सर्वांना ठाऊक असावे. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, म्हणून ठरावीक वेळाने दोन-दोन घोट पाणी द्यावे. होडीत बसण्यापूर्वी स्वच्छतागृहाची सोय पाहावी. पावलांना घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे, डोक्याला रुंद टोपी आणि खिशात औषधांची चिठ्ठी असावी. पाय हलवण्याची आठवण करून देण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे. मी ते कोणाकडेच सोपवले नव्हते. आणि काठावर थांबण्याची मुभा प्रत्येकाला असावी, त्याचे कारण न विचारता.

एवढी काळजी घेऊनही पायात गोळा आलाच. काळजीचा अर्थ काही घडूच नये असा नाही, घडले तर निभावता यावे असा आहे, हे मला आता पटते. दोन वर्षे मी आईला पडू दिले नाही, हे खरे. त्यासाठी मी तिला उभेही राहू दिले नाही, हेही तितकेच खरे. तिच्या आधी माझा हात पुढे होई. तिला आधाराची गरज आहे का, हे मी कधी विचारले नव्हते. त्या नावाड्याने हात पुढे केला, पण धरला नाही. आधार देणे आणि धरून ठेवणे यांतले अंतर तेवढेच होते.

घरी आल्यावर आईने फारशी वर्णने केली नाहीत. शेजारणीला एवढेच सांगितले, “निळा पक्षी पाहिला. आणि मगर दिसली नाही.” दुसऱ्या दिवशी पहाटे ती न्हाणीघराकडे निघाली. मी नेहमीप्रमाणे धावत गेले आणि तिचा दंड धरायला हात पुढे केला. ती उंबऱ्यापाशी थांबली, डाव्या हाताने भिंतीवरचा दांडा धरला आणि म्हणाली, “धरू नकोस. नुसती जवळ उभी राहा.”

मी जवळ उभी राहिले. तिने पाऊल उचलले आणि उंबरा ओलांडला.